बाईंचं बुसान

बाई, मी बुसानला जाऊन आले. लेकीला ऑस्टरफेरियन, ईस्टरच्या सुट्ट्या होत्या, आम्ही दोघीच गेलो. तुम्ही वारल्याला बारा वर्षं झाली, तरी स्टेशनातून बाहेर पडल्यावर मी फोनवर नकाशा उघडला नाही. मासळीबाजार कुठल्या हाताला ते मला माहीत होतं. लेक म्हणाली, "वोहेर वाइस्ट डू दास?" तुला कसं ठाऊक? मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी म्हटलं, एका बाईंनी शिकवलं होतं. पुढे सांगू लागले आणि थांबले, कारण तुमच्याबद्दल सांगायचं तर तिच्या बाबाबद्दलही सांगावं लागतं.

जर्मनीत, नेकारसुल्मच्या त्या इमारतीत आम्ही मधल्या मजल्यावर होतो आणि तुम्ही आमच्या डोक्यावर. नवऱ्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी, माझा व्हिसा त्याच्या जोरावर, लेक दोन वर्षांची. जिना झाडायची आमची पाळी होती. मी पायरी पुसत असताना तुम्ही वरून उतरलात, वाकून माझी भुवई पाहिलीत आणि विचारलंत, "कशावर आपटलीस?" मला येणाऱ्या पाचपन्नास जर्मन शब्दांपैकी एक मी वापरला : कपाट. तुम्ही म्हणालात, "कपाटाला बोटं दिसतायत." त्यातलं मला 'कपाट' आणि 'बोटं' एवढंच कळलं. तुम्ही मला वर नेलंत, जखम धुऊन चिकटपट्ट्या लावल्यात. तरुणपणी कोरियातल्या बुसानहून नर्स म्हणून आलात, इथल्या इस्पितळात निवृत्त झालात, हे मला पुढे कळलं. तुमच्या जर्मन नवऱ्याचाही हात चालायचा आणि स्वतःच्या कपाळाला तुम्ही स्वतःच टाके घातले होते, हे तर त्याहूनही उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून जर्मनचे धडे सुरू झाले. क्लासच्या पुस्तकात टाउन हॉल, पोस्ट, बेकरी असा रस्ता विचारायचा होता. तुम्ही ते दोन पानं चाळून बाजूला ठेवलंत. "हे लिहिणाऱ्याला भूक लागत नसावी," म्हणालात, आणि कॅलेंडरच्या पाठीवर बुसान काढलंत. इथे बंदर, इथे मासळीबाजार, हा उचलला जाणारा पूल, ही चाळीस पायऱ्यांची चढण, या गल्लीत साखर आणि बिया भरलेली गरम पोळी, त्या कोपऱ्यावर डुकराच्या हाडांच्या रश्शात भात. मी बोट ठेवून विचारायचं, इथून तिथे कसं जायचं. गुकजे बाजारात मी रजई घ्यायला आलेली बाई, तुम्ही दुकानदारीण. नाही, महाग आहे, नको, दुसरी दाखवा. "मोठ्याने बोल. ही रजईवाली बहिरी आहे." मोठ्याने 'नाइन', म्हणजे 'नाही', म्हणायला मी त्या खोट्या दुकानात शिकले. मी तुम्हाला 'बाई' म्हणू लागले तेव्हा तुम्ही अर्थ विचारलात. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना आम्ही बाई म्हणतो, असं सांगितल्यावर तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून पाहिलात.

मग ते परदेशी नागरिकांच्या कचेरीचं पत्र आलं. माझ्या नावाचं होतं, मी ते वाचलं आणि तुमच्या मदतीने उत्तर लिहून टाकलं. नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं?" आवाज चढवलाही नाही. केस धरून डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. लेक खुर्चीखाली शिरून रडायला लागली. बेल वाजली. त्याने हसऱ्या चेहऱ्याने दार उघडलं. तुम्ही म्हणालात, "मला तिला बघायचंय," आणि पाऊल आत टाकलंत. त्याने तुमच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि ढकललं. तुम्ही मागच्या मागे जिन्यावरून खाली गेलात. मनगट मोडल्याचा आवाज मला आमच्या दारात ऐकू आला.

खालच्या मजल्यावरच्यांनी पोलीस बोलावले. तुम्ही पायरीवर बसून सांगितलंत, त्याने ढकललं. तो म्हणाला, म्हातारीचा तोल गेला. पोलीसबाईने मला विचारलं. तो मागून मराठीत हळूच म्हणाला, "नीट बोल. व्हिसा माझ्यामुळे आहे." मी म्हणाले, त्या घसरल्या. तिने लिहून घेतलं. तुम्ही मनगट मांडीवर धरून माझ्याकडे पाहत होतात, आणि मी तुमच्या जिन्यात पडलेल्या चपलेकडे.

आठ दिवस मी वर आले नाही. नवव्या दिवशी तुम्ही मला तळघरात कपडे वाळत घालताना गाठलंत. "उद्या दहा वाजता. धडा राहिलाय." त्या दिवशी तुम्ही चहा दिला नाहीत. प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून डाव्या हाताने दोन क्रियापदं लिहिलीत : घसरणे, ढकलणे. चालव म्हणालात. मी घसरते, तू घसरतेस, तो ढकलतो. मला रडू फुटलं. "रडत रडतही क्रियापद चालवता येतं. आता भूतकाळ." मग नकाशा ओढून चाळीस पायऱ्यांवर बोट ठेवलंत. "इथे एक म्हातारी पडलीय. पोलीस विचारतोय, काय झालं?" मी पुटपुटले. "मोठ्याने." त्याने तिला ढकललं, मी म्हणाले. तुम्ही ते दहा वेळा म्हणवून घेतलंत आणि मग सांगितलंत की व्हिसासाठी कुठल्या वकीलबाईकडे जायचं. वकीलबाई म्हणाली, मारहाण होत असेल तर नवऱ्याला सोडल्याने व्हिसा जात नाही. तरी मी चार महिने घालवले.

रविवार होता, दुपारचा. तो म्हणाला, लेकीला माझ्या आईकडे पुण्याला पाठवून देऊ, इथे तू तिला बिघडवतेस. माझ्या तोंडून 'नाइन' गेलं, रजईवालीशी बोलायच्या आवाजात. त्याने माझा डावा हात धरला आणि तापलेल्या काचेच्या शेगडीवर दाबला. कातडीचा वास मला दुखण्याच्या आधी आला. उजव्या हाताला तवा लागला. मी तो त्याच्या कानशिलावर मारला. तो खाली बसला, पुन्हा मारला. दुसऱ्या फटक्याला त्याने माझा हात सोडला होता. तिसरा मी तरीही मारला. पोलीस आले तेव्हा मी आधी तुमचं सांगितलं : त्याने त्यांना ढकललं होतं, मी खोटं बोलले होते. मग माझं. पण 'भाजणे'चा धडा झालेला नव्हता, म्हणून नुसता तळवा दाखवला. पोलिसांनी त्याच्याकडून घराच्या किल्ल्या घेऊन त्याला बाहेर काढलं. तुम्ही वरून ओल्या कापडाची घडी घेऊन उतरलात आणि माझा हात नळाखाली धरून ठेवलात. पुढच्याच वर्षी पोटाच्या दुखण्याने तुम्ही गेलात.

बुसानमध्ये तुमच्या गल्लीत आता उंच इमारती आहेत. पोळी मिळते, कागदी पेल्यात घालून देतात. लेकीने तीन खाल्ल्या. रश्शातला भात मला गेला नाही. गुकजे बाजारात रजई घेतली, घासाघीस केलीच नाही. शेवटच्या दिवशी मासळीबाजारात गेलो. रबरी एप्रन घातलेली एक बाई टोपलीतून सापासारखा मासा काढते, त्याचं डोकं फळीवरच्या खिळ्यात खोचते, गळ्यापाशी सुरी फिरवते आणि एका हिसक्यात सगळी कातडी उतरवते. सोललेला मासा तरीही वळवळत राहतो. लेकीने तोंड फिरवलं. मला हलवेना. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि प्रत्येकाला मी मनातल्या मनात एकच चेहरा लावला. चौथ्याला लेकीने माझी बाही ओढली. "मामा, वारुम लाख्स्ट डू?" आई, तू का हसतेयस?

मी हसतेय हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, ती मासेवाली काहीतरी गमतीचं बोलली. बाई, ती मान खाली घालून काम करत होती. ती एक अक्षरही बोलली नव्हती.