हुशार मुलांची सहल

प्रिय बाई,

सगळी गल्ली तुला बाई म्हणते, मग मीच का मागे राहू? कॉलेजात ज्या नावानं हाक मारायचो ते लिहायला घेतलं की पुढचं काही सुचत नाही. अक्षर वाकडंतिकडं येतंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं सुजून एकमेकांना चिकटलीयत. वहिनीनं बर्फ बांधला आणि बांधता बांधता म्हणाली, भावजी, देवानं तुमचं डोकं हातात दिलं असतं तर निदान ते वापरात तरी आलं असतं. दादा शनिवारपासून माझ्याशी बोललेला नाही. मालकानं मिनीबसची चावी काढून घेतलीय. त्यामुळे भरदुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहितोय.

माझा राग तुला नवा नाही. दुसऱ्या वर्षाला असताना जिन्यावर त्या पोरानं तुझ्याबद्दल काहीतरी घाण बोललेलं मी ऐकलं, आणि मानगूट धरून त्याचं तोंड सूचनाफलकाच्या काचेत घातलं. भुवईत काच रुतली होती त्याच्या. तो ओरडत होता आणि मी त्याला परत आपटत होतो, कारण पहिल्या वेळी समाधान झालं नव्हतं. मग रक्ताचा शर्ट तसाच घालून, मोठा पराक्रम केल्यासारखा, तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो. तू एवढंच विचारलंस, तुला सांगितलं कुणी होतं? माफी लिहून दे नाहीतर चालता हो, असं प्राचार्य म्हणाले, आणि मी चालता झालो. तू पास झालीस, शाळेत लागलीस. मी मालकाची गाडी हाणत राहिलो, कारखान्याचे कामगार आण, कुणाचं वऱ्हाड ने. तुझ्या शाळेवरून जाताना विनाकारण हॉर्न वाजवायचो. तो मीच होतो. तुला वाटलं असेल, कोण हा मूर्ख.

म्हणून मालक जेव्हा म्हणाला की शाळेला आपली गाडी द्यायची, फुकट, तेव्हा मी गाडी स्वतः धुतली. शिक्षण मंडळानं उद्दिष्ट ठरवलंय, शंभरातल्या नव्वद मुलांना वाचता आलं पाहिजे, नाहीतर शाळा बंद आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत, हे सगळं तो सांगत होता. लोकसहभाग म्हणून गल्लीतल्या प्रत्येक धंदेवाल्यानं काहीतरी करायचं, आणि करणाऱ्याचं नाव फाटकावर लागणार. माझं निम्मं लक्षच नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की सहलीबरोबर तू येणार आहेस.

तो दिवस मी कितीदा तरी परत जगलोय. फाटकाशी गळ्यात शिट्टी अडकवून तू उभी. मोठे सर मुलांना सांगत होते, तुम्ही निवडलेली हुशार मुलं, म्हणून तुम्हालाच पाणी शुद्ध करायचं केंद्र बघायला मिळणार. वीस-बावीस पोरं, पण गाडीत शंभर असल्यासारखा गोंधळ. आपल्या गल्लीतल्या प्लंबरची मुलगी माझ्या मागच्या सीटवर होती. टाकीत एवढं पाणी असतं तर आमच्या नळाला का येत नाही, असं तिनं केंद्रातल्या साहेबाला विचारलं आणि त्यानं घाईघाईनं सगळ्यांना पुढच्या टाकीकडे नेलं. तू हसलीस. माझ्याकडे बघून हसलीस. परत येताना तू पुढच्या सीटवर बसलीस आणि म्हणालीस, गाडी चांगली चालवतोस रे. एवढ्या एका वाक्यावर मी महिनाभर तरंगत होतो.

शाळेशी उतरलीस तेव्हा मात्र वळूनही पाहिलं नाहीस. व्हरांड्यातल्या बाकांवर खडूनं क्रमांक टाकलेले होते, त्यांच्याकडे बघत थांबलीस आणि तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेलीस. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. त्यानंतर तू फोनही उचलला नाहीस, आणि मी त्याची हजार कारणं शोधली, सगळी माझ्याभोवती फिरणारी. मंडळाची वाचन परीक्षा त्याच दिवशी उरकली होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुला ती पुढच्या आठवड्यात असल्याचं सांगितलं होतं, हे तर शनिवारी तुझ्याच तोंडून कळलं.

शनिवारी सभागृहाच्या मागच्या दाराशी मी उभा होतो. मालकाला प्रशस्तिपत्रक मिळणार होतं, काचेच्या चौकटीतलं. टेबलावर तशा चौकटींची चळत होती, प्रत्येक धंदेवाल्याला एक. मंडळाच्या अधिकारी बाईंनी सांगितलं, शंभरातली शहाण्णव मुलं वाचतात, शाळेनं उद्दिष्ट ओलांडलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, तुझ्यासाठी. मग प्लंबर उभा राहिला. हातात टोपी घेऊन, अगदी नरमाईनं. म्हणाला, मॅडम, माझ्या पोरीला स्वतःचं नाव सोडून काही वाचता येत नाही, तर ती या शहाण्णवात की उरलेल्या चारात? मोठे सर म्हणाले, खाली बसा. तो बसला नाही. म्हणाला, सर, हुशार म्हणून निवडलंत ना तिला, मी दहा घरच्या नळांखाली आडवा पडून दहा जणांना सांगितलं, आमची पोर निवडली म्हणून.

तेव्हा तू उठलीस. माईक धरलास आणि म्हणालीस, ती दोन्हींत नाही. परीक्षा त्या दिवशी होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच सहलीला पाठवलं. मला परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे असं सांगितलं होतं, पण परत आल्यावर कळलं आणि मी गप्प बसले.

बाई, मी तुझ्यावर प्रेम करतो हे तुला माहीत आहे, पण त्या क्षणी जेवढं केलं तेवढं कधी केलं नव्हतं. आणि लोकांनी काय केलं? ज्यांनी फसवलं ते खुर्चीत बसलेले, आणि जिनं एकटीनं खरं सांगितलं तिच्यावर सगळे तुटून पडले. तू नेलंस आमच्या पोरांना, तू! पहिली खुर्ची भिरकावली ती इस्त्रीवाल्यानं. मग बाटल्या, मग टेबलावरच्या चौकटी. काच फुटायला लागली की माणसांना चेव येतो, हे मला माझ्यावरून माहीत आहे. मालक टेबलाखाली, अधिकारी बाई मागच्या दारातून पसार. मी माणसं तुडवत पुढे आलो. एकाच्या पोटात गुडघा घातला, एकाचे केस धरून त्याला भिंतीवर आपटलं. मंचावर चढलो तेव्हा तू खाली बसलेली, डोक्यावर हात, कानामागून रक्त, आणि तुझ्यावर प्लंबर, दोन्ही हातांनी खुर्ची उचलून धरलेला.

मी माईकचा स्टँड उलटा धरला. खालची गोल लोखंडी बैठक त्याच्या खांद्यावर घातली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. तो खाली पडला. मी त्याच्या छातीवर बसलो आणि जबड्यावर मारत सुटलो. तू मागून माझी कॉलर ओढत काहीतरी ओरडत होतीस. मला वाटलं, मार म्हणतेयस. खरं सांगतो, मला तेच ऐकायचं होतं.

पोलिसांनी संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं आणि सोडून दिलं. यानं बाईंना वाचवलं, असं मोठ्या सरांनीच सांगितलं म्हणे. मी छाती काढून घरी आलो. काल सरकारी दवाखान्यात गेलो तेही त्याची विचारपूस करायला नाही. शुद्धीवर आला असेल तर अजून दोन ठेवून द्यायच्या, असं ठरवून गेलो होतो. त्याची बायको त्याचा शर्ट बदलत होती. तो कुशीवर होता, पाठ माझ्याकडे. बाई, त्या पाठीवर जागा नव्हती. काचेचे लहानमोठे काप, मानेपासून कमरेपर्यंत, काहींना टाके. मी तर त्याला समोरून मारलं होतं. पाठीवर कुणी मारलं, असं मी विचारलं, मूर्खासारखं. तिनं आधी माझ्या थोबाडीत दिली, मग सांगितलं. त्यानं खुर्ची छत्रीसारखी धरली होती, बाईंच्या डोक्यावर. पोरीच्या बाई आहेत, असं म्हणत वर चढला होता. जबडा तारांनी बांधलाय त्याचा. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं. शिवी तरी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तेवढंही तोंड मी त्याला ठेवलेलं नाही.

आज सकाळी मोठे सर घरी आले. वहिनीनं चहा दिला, त्यांनी फुंकर मारून मारून प्यायला. माणूस वाईट नाही, हेच वाईट आहे. खरंच शाळा वाचवायची आहे त्यांना. हमरस्ता ओलांडताना एखादं पोर गेलं तर ते पाप कुणाच्या माथी, असं विचारत होते आणि डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाले, तुमच्यावर काहीही येणार नाही. प्लंबर खुर्ची घेऊन बाईंवर धावून आला, तुम्ही मध्ये पडलात. माईकवर बोललेलं सगळं घाबरून बोलले, असंही बाई लिहून देतील. उद्या दहा वाजता चौकीत सही करायची. बाईंची तयारी आहे, तुमच्यासाठी.

तुमच्यासाठी. ते गेल्यावर मी हा एक शब्द घेऊन भिंतीशी बसलो होतो. किती वर्षं मी याच शब्दासाठी लोकांची तोंडं फोडत हिंडलोय, तुला काय सांगू! तू माझ्यासाठी काहीतरी करशील, आपणहून. ते आलं, आणि असं आलं. तू त्या खुर्चीखाली होतीस. तो काय करत होता हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. तू ओरडत होतीस ती मला थांबवायला. हे सगळं माहीत असून तू सही करायला तयार झालीस, म्हणजे तुझं माझ्यावर... पुढचं मी लिहीत नाही. लिहिलं तर पाय निघणार नाही.

सही करू नकोस. एवढं एकच सांगायला हे सगळं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे काहीतरी मागतोय, तर नाही म्हणू नकोस. तू सही केलीस तर मी सुटेन, रोज तुझ्या फाटकाशी येऊन उभा राहीन, आणि माझ्याकडे बघताना तुला प्लंबरची पाठ दिसेल. शाळेची शंभरातली शहाण्णव तशीच राहतील आणि ती बावीस पोरं आणखी कुठल्या तरी सहलीला जातील. वहिनी हे पत्र तुझ्या हातात देईल तोवर मी चौकीत पोचलेलो असेन. मारलं मी, तो मारत नव्हता, आणि परीक्षेच्या दिवशी गाडी चालवणारा मीच होतो, हे तिन्ही सांगणार आहे. वहिनीला सगळं सांगितलंय. ती रडली नाही. म्हणाली, जाताना जेवून जा, तिथे कुणी वाढणार नाही. तू चौकीकडे फिरकूही नकोस, तुला बघितलं तर माझी जीभ फिरेल. तू दवाखान्यात जा. पोलीस प्लंबरकडे जबाबाचा कागद घेऊन येतील, त्याला तोंड उघडता येत नाही, तो कागद त्याला कुणीतरी वाचून दाखवणारं लागेल, आणि त्याच्या पोरीला अजून ते येत नाही.

तुझाच,
आता कितीही वर्षं आत गेलो तरी तुझाच.