घरच्या कॉम्प्युटरचा आवाज बंद केल्याचं वर्तमान

ती. अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे हल्ली टेकत नाहीत म्हणून तो उभ्यानंच केला आहे, पण मनापासून केला आहे असं समजून घे. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार हे मला माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल विचारत नाही. भावोजींची झोप सुधारलेली दिसते. गेल्या खेपेला त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपलो होतो, तर त्यांचं घोरणं जवळजवळ बंदच झाल्यासारखं वाटलं. त्यांना माझा नमस्कार आणि अभिनंदन. इकडे ही ठीक आहे, मी ठीक आहे, आणि कॉम्प्युटर कसा आहे हे सांगण्यासाठीच पुढची पानं खर्ची पडणार आहेत. चष्मा घेऊन बस.

तुझी भावजय शाळेतून निवृत्त झाली तेव्हापासून घरात एक अडचण उभी राहिली होती, ती तुला पूर्वी कळवली नाही. एकतीस वर्षं रोज मोठ्यानं वाचायची सवय, आणि समोर वर्ग नाही. मग ती मला वाचून दाखवू लागली. आधी वर्तमानपत्र, मग जाहिराती, मग औषधांच्या खोक्यातली बारीक अक्षरातली घडी. (एका मलमाचे सतरा दुष्परिणाम मला आजही क्रमानं सांगता येतील.) अशात तिला एका ग्रंथालयाचा पत्ता लागला. डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी तिथे पाठ्यपुस्तकं वाचून, आवाजात भरून ठेवतात. वाचणाऱ्यांना मोबदला काही नाही, पण परीक्षा मात्र कडक. हिनं आपल्या कॉम्प्युटरवर वीस मिनिटांचं वाचन भरून पाठवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की वाचन उत्तम आहे, परंतु मागे कुठलंसं यंत्र सतत घरघरत आहे. महिन्याच्या आत घरघरीवाचून तेच वाचन पाठवावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या व्यक्तीला दिली जाईल. ते पत्र तिनं चारदा वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. अक्का, तिच्या वाचनाला आजवर कुणी ‘पुन्हा’ म्हटलेलं नव्हतं. ‘पुन्हा’ तीच दुसऱ्यांना म्हणायची. दोन दिवस ती काहीच वाचेना, मलमसुद्धा नाही, आणि तेव्हा मला कळलं की हे काम तिला किती हवं आहे.

आता, घरघरणारं यंत्र म्हणजे आमचा कॉम्प्युटर, आणि तो नऊ वर्षांपूर्वी सुटे भाग आणून मीच जुळवलेला. हिनं अगदी हळुवारपणे विचारलं की आपण नवा तयार घ्यायचा का. मी चौतीस वर्षं कारखान्यांची वीज सांभाळणारी पॅनेलं वायरिंग करून दिली, त्यातली एकोणीस वर्षं फोरमन म्हणून. त्या माणसाला हा प्रश्न. मी म्हणालो, मला एक आठवडा दे. मग कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि स्वतःशी खजील झालो. आत वायरींचं असं गुंतवळ होतं की माझ्या हाताखालच्या कुणी तसं केलं असतं, तर मी त्याला आठवडाभर नुसता झाडू मारायला लावला असता. पंखा एका वायरीला घासत होता, दुसरा धुळीनं जड होऊन डुगडुगत होता आणि जुनी हार्ड डिस्क सुपारी कातरल्यासारखी कटकट करत होती. नऊ वर्षं हे सगळं झाकणाखाली होतं म्हणून मी सुखानं जगलो. आपल्या हातचा गबाळेपणा आपल्याच घरात सापडावा यासारखी नामुष्की नाही.

मी काम पद्धतशीर घेतलं. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली (तीन आठवडे आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवलो), प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आकड्यांच्या बारीक नळ्या चढवल्या, आणि कोणता आकडा कुठे जातो याचा तक्ता बनवला. तक्ता हातानं लिहिला तर खाडाखोड होते, म्हणून तो छान टाईप केला, रकाने आखले, शीर्षक दिलं आणि व्यवस्थित साठवून ठेवला. कॉम्प्युटरमध्ये. त्यानंतर कॉम्प्युटर पूर्ण मोकळा केला. बेचाळीस आकडे, सगळे सुवाच्य, आणि त्यांचा अर्थ ज्यात ठेवला होता ते यंत्र माझ्यासमोर चादरीवर तेवीस तुकड्यांत पसरलेलं. ही स्वयंपाकघरातून आली, तिनं चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत गेली. एकतीस वर्षं मुलं सांभाळलेली बाई आहे, काय बोलू नये हे तिला नेमकं कळतं.

मग दुकान. तिथला दुकानदार बोलायला फार गोड, पण त्याच्याकडच्या प्रत्येक कॅबिनेटला एका बाजूनं काच आणि आत रंगीबेरंगी दिवे. मी त्याला विचारलं, आतलं बघायचं कुणी? तो म्हणाला, हल्ली लोक बघतात. मला ते पटलं नाही, पण कुणी बघणार असेल तर वायरिंग बघण्यासारखं असावं, एवढं डोक्यात राहिलं. शेवटी मागच्या फळीवरून एक साधं, जाड पत्र्याचं, आतून फोम चिकटवलेलं काळं कॅबिनेट निघालं. दोन मोठे पंखे घेतले, कारण लहान पंखा जेवढा वारा धावपळ करून देतो तेवढा मोठा पंखा सावकाश देतो. (हे भावोजींना वाचून दाखवू नकोस, ते स्वतःवर ओढून घेतील.) हार्ड डिस्कच्या जागी फिरणारा भागच नसलेली नवी डिस्क घेतली. दुकानदार म्हणाला, वीज पुरवणारी पेटीही बदला, जुनी झाली असेल. मी म्हणालो, ती मी स्वतः निवडून घेतलेली आहे, अजून ठणठणीत आहे. हे वाक्य लक्षात ठेव, कारण मला ते विसरता येत नाही.

आणि मग वायरिंग. अक्का, हे तुला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. हल्ली प्लास्टिकच्या पट्ट्या मारतात, मी मेणाचा दोरा काढला, आम्ही पॅनेलात वापरायचो तोच. अंगठ्याएवढ्या अंतरावर एक गाठ, प्रत्येक वळण काटकोनात, एकही वायर दुसरीवरून गेलेली नाही. तक्ता नव्हताच, तेव्हा प्रत्येक वायर तिच्या जाडीवरून आणि टोकावरून ओळखत गेलो. सहा दिवस लागले. एकशे अठरा गाठी मारून झाकण लावलं, चालू करायला बोट पुढे केलं आणि समजलं की चालू करण्याच्या बटणाची वायर मी सगळ्या जुडीच्या तळाशी, कुठेही न जोडता, अतिशय सुंदर बांधून टाकली आहे. छत्तीस गाठी कापाव्या लागल्या. त्या दिवशी मी हिच्याशी जरा तिरसटपणे बोललो, त्याचं आता वाईट वाटतं.

महिन्यातले बावीस दिवस संपले आणि कॉम्प्युटर सुरू झाला. मी कान लावला. काहीच नाही. मग कारखान्यात बेअरिंग तपासायची आमची पद्धत केली, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटला टेकवून मूठ कानाच्या हाडावर दाबली. अगदी खोल, मांजर झोपल्यासारखं काहीतरी, तेही शंका यावी इतपत. मी हिला बोलावलं. ती दारात उभी राहिली, क्षणभर डोळे बारीक केले, आणि म्हणाली, छान झालंय, शांत आहे. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली, मायक्रोफोन लावून दिला आणि वाचनात व्यत्यय नको म्हणून दुपारभर बाहेर फिरून आलो. पुढचे चार दिवस हाच क्रम. निवृत्तीनंतर इतकं समाधान मला लाभलं नव्हतं.

पाचव्या दुपारी पाऊस लागला म्हणून लवकर परतलो, तर ही घरात नव्हती. खुर्चीवर मायक्रोफोन तसाच. खाली शिंप्याचं दुकान आहे, तिथे विचारायला गेलो, तर त्याची मशीनं बंद, आणि तो स्वतः तोंडावर बोट ठेवून बाहेर स्टुलावर बसलेला. मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांच्या मधोमध, तुझी भावजय फोन समोर धरून भूगोल वाचत होती. मी शिंप्याला जरा बाजूला घेतलं आणि जाब विचारला. तो बिचारा जुना माणूस, खोटं बोलता येत नाही. म्हणाला, “काका, वर ते शिट्टी मारतं म्हणाल्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या.”

मी रीतसर चौकशी बसवली. शिंप्याला वर नेलं; उंबऱ्यातच त्यानं मान आक्रसली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं. त्यांनी विचारलं की हे रोज असंच वाजतं का. पोस्टमन योगायोगानं आला होता, तो सही घेता घेता म्हणाला, तुमचा कुकर राहिलाय वाटतं. तिघांची साक्ष एक. दुकानदाराला आणवलं, त्यानं कॅबिनेटला हातही न लावता सांगितलं की जुन्या पेटीचं आहे, आधी घरघरीखाली झाकलेलं होतं, आता घरघर गेली म्हणून उघडं पडलं. मग त्यानं वायरिंग पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. (हे मी मुद्दाम लिहितो आहे.) मी त्यांच्या मधोमध उभा होतो, कान त्या पेटीला टेकवून, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

सगळे गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. एकेक गोष्ट उलगडत गेली. निवृत्तीनंतर ही स्वयंपाकघरातून बोलायची थांबली, हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन बोलते. मला वाटलं, उतारवयात प्रेम वाढलं. तू फोनवर एकेक शब्द सुटा करून ओरडतेस. मला वाटलं, अक्काला आता कमी ऐकू येतं, आणि तुझी दया येऊन मीही ओरडून बोलायचो. दोन वर्षं आपण एकमेकांवर ओरडतो आहोत, आणि त्यातला बहिरा मी आहे. तुला ठाऊक होतं. हिनं तुला सांगितलं असणार. रागावलो नाही, पण मला वाईट वाटलं, आणि ते तुला कळावं असं वाटलं.

आपल्या अण्णांच्या कानांचं तुला आठवत असेल. आधी आपण ओरडायचो, मग खुणा करायचो, आणि शेवटी ‘काही नाही, काही नाही’ एवढंच म्हणायचो. जेवताना सगळे हसले की तेही हसायचे, थोडे उशिरा. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. काल हिचं ते भूगोलाचं वाचन मी फोनवर लावून ऐकलं. आवाज तिचाच होता, चढ-उतार तेच, पण शब्दांच्या कडा नव्हत्या. नद्यांची नावं कळली नाहीत. जिचं वाचन मी इतकी वर्षं फुकट ऐकलं, आणि कित्येकदा ऐकल्यासारखं केलं, तिचं एक पान मला धड समजू नये, याची मला भीती वाटली अक्का. साधी भीती, लहानपणी अंधाराची वाटायची तशी.

असो. नवी पेटी आणली आहे, चौदा गाठी कापून बसवली आहे, आणि शिंप्यानं वर येऊन, डोळे मिटून, आता काही नाही असा दाखला दिला आहे. वाचन पाठवायला अजून तीन दिवस आहेत. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, व्यायाम कर.

तुझा धाकटा

ता. क. : वायरिंगचा फोटो सोबत आहे. नीट बघ. दुसरा फोटो उलट बाजूचा आहे, तोही बघ.

ता. क. २ : गुरुवारी सव्वाअकराला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. (वेळ शिंप्यानं घेतली. मी फोन केला होता, पण पलीकडची बाई काय विचारते ते कळेना. मी तीनदा हो म्हणालो आणि तिनं फोन ठेवला.) एका बंद खोलीत बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायचं असतं. ते मला जमेल. पण नंतर डॉक्टर बोलतील आणि मी मान डोलवीन, दोन वर्षं डोलवतो आहे तशी. ते काय म्हणाले हे ऐकायला आपलं माणूस हवं. तू ये. एवढ्यासाठीच हे पत्र आहे, बाकी सगळा पसारा.

ता. क. ३ : हिला यातलं काही सांगायचं नाही. पंखा आणायला जातो असं सांगून निघणार आहे.

वन्सं, नमस्कार. हे पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिते आहे. पाकीट यांनी चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, आत नुसतं कॉम्प्युटरचं वर्तमान आहे असं सांगून. पण मला उघडून वाचायची गरज पडली नाही. लिहिताना हे प्रत्येक वाक्य पुटपुटतात, आणि यांचं पुटपुटणं हल्ली वरच्या मजल्यावर ऐकू जातं. चौकशीपासून पुढचं मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं, आणि भाजी करपली. शांत आहे म्हणाले ते चुकलंच माझं, पण सहा दिवस गाठी मारताना यांचा चेहरा बघितला होता. वाचन काल घरीच केलं, सकाळी पाठवलं. तुम्ही गुरुवारी जरूर या आणि यांच्याबरोबर आत बसा. मी मागोमाग येऊन बाहेरच्या बाकावर बसेन. माझ्या चपला फार वाजतात, पण यांना कळायचं नाही.