अंबूमावशीला जमलं

लोणावळा,
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय आदिनाथ,

तुम्ही सगळे बरे असाल. इकडे थंडी अजून हटत नाही. वलवणच्या धरणाकडून वारा सुटला की दुकानाचं शटर अर्धं ओढून बसते. मोबाईल दुरुस्तीला गिऱ्हाईक येतं अधूनमधून. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काही बोलत बसेन, म्हणून कागद घेतला. ब्लॉग चालवणाऱ्या बाईनं टपालानं पत्र पाठवावं! हस हवं तर.

तू बंगळूरला गेल्यापासून आपला 'करून बघू' ब्लॉग कसा चाललाय, हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. सुरुवातीचं आठवतं ना? बटणांच्या फोनवर मराठी कसं लिहायचं, पवनानगरच्या रस्त्यावर रेंज कुठल्या वळणावर मिळते, असलं काहीबाही लिहायचो. आणि आपला तो नियम! लेख आधी तुझ्या आईसमोर ठेवायचा. अंबूमावशी एकेक ओळ मोठ्यानं वाचणार, तसतसं फोनवर करून बघणार, आणि ती "जमलं" म्हणाली तरच लेख लावायचा. ती अडली तर चूक आपली. तू वैतागून उठायचास, मी चहा पाजून तुला परत बसवायचे.

मग कंपन्या नवे फोन पाठवायला लागल्या. ते मावशीच्या कामाचे नव्हते, म्हणून ते लेख तिला दाखवले नाहीत. मग तू गेलास. मग लोक सगळं थेट एआयला विचारायला लागले आणि रोज नवं काही लावलं नाही तर आपलं पान कुणाला दिसेना. गेल्या वर्षापासून मीही लेख एआयकडूनच लिहून घेते. वरवर नजर टाकायचे. अलीकडे तेवढीही टाकत नव्हते. कंटाळले होते रे.

मावशीचे गुडघे दुखतात, बाकी ठीक आहे.

नाही, ठीक नाही. घाटातल्या अपघातात कैलास गेल्यापासून मावशीनं त्याचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये जपले होते, तुला ठाऊक आहे. "आई, टेंपो भरला, निगालो. तू जेवून घे." रोज दिवा लावला की ती आपल्या धाकट्याचं तेवढं ऐकायची आणि मग जेवायची.

मागच्या आठवड्यात तिचा फोन भरला. ती कुणाला विचारायला गेली नाही, तिनं आपला ब्लॉग उघडला. फोनची मेमरी रिकामी कशी करायची, असा लेख तिथे होता. मी न वाचता लावलेला. जपायचं असेल ते आधी बाजूला काढून ठेवा, ही ओळ त्यात नव्हती. आपण लिहिला असता तर तीच पहिली असती. मावशीनं नेहमीसारखं मोठ्यानं वाचत शेवटपर्यंत सगळं केलं आणि मला फोन लावला.

"माधवे, जमलं गं! लय दिसांनी सोपं लिवलंस. कुटं अडलेच न्हाई मी."

मी खूश झाले, आदिनाथ. दिवसभर खूश होते.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "आपल्या कैलासचं बोलनं कुटं ठिवलंय गं या फोननं?"

फोन घेऊन पुण्याला जाऊन आले. जाणकारांना दाखवला. काही उरलेलं नाही. तुझ्याकडे त्याचा आवाज असेल तर पाठव. कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत मागे नुसता हसत असेल तरी चालेल.

ब्लॉग बंद करते, हे सांगायला मी तुमच्या घरी गेले. तो लेख मी लिहिलाच नव्हता, हेही सांगितलं. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन माझ्यासमोर ठेवला.

"बंद नगं करू. पयलं कैलासला परत कसं आनायचं, त्याचा लेख लिव. तुज्या हातानं लिव. मी करून बघते."

आता रोज दिवेलागणीला ती फोन करून विचारते, लेख झाला का. मी म्हणते, लिहितेय.

कैलासचा आवाज घेऊन ये. नसेल तर नुसता ये, आणि तिला तू सांग. माझ्याच्यानं होत नाही.

तुम्हा दोघा भावांच्या आईची अपराधी,
माधवी