अक्काची बाराखडी

१२ नोव्हेंबर, बुधवार

फिरली नाही.

दोनदा वीज दिली, दोनदा हार्ड डिस्कमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि मग सगळं गप्प. तिसऱ्यांदा बटणाला हात लावला नाही. तीस वर्षं माळ्यावर पडलेली डिस्क, आतलं तेल घट्ट झालेलं. जबरदस्ती केली तर आतल्या तबकडीवर ओरखडा येणार आणि त्यात जे असेल ते कायमचं जाणार. आणि त्यात जे आहे ते दुसरीकडे कुठंच नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. हा अप्पांचा कॉम्प्युटर. अप्पा पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. कॉलेजनं मोडीत काढलेलं हे धूड त्यांनी घरी आणलं आणि हट्टाला पेटले, की याला मराठी बोलायला लावणार. त्यासाठी वेदश्रीअक्काला माईकसमोर बसवून अख्खी बाराखडी भरून घेतली. एकेक अक्षर सुटं. मग आपण वाक्य टाइप करायचं आणि मशीननं अक्षरं एकापुढे एक जोडून बोलायचं. हे ९४ सालचं. त्याच वर्षी अक्का मेंदूज्वरानं गेली. ती अकरा वर्षांची, मी सहा. अप्पांनी मशीन माळ्यावर टाकलं. पुढं अप्पाही गेले.

अक्काचे फोटो आहेत, फ्रॉक आहे, कंपासपेटी आहे. आवाज नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, पण त्यात पोरांचा आवाज भरून ठेवावा हे कुणाला सुचलं नाही.

आणि आता आईचे कान. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, उजवा गेलाच, डाव्याचाही भरवसा नाही, यंत्र लावून जितकं ऐकू येतंय तितकं ऐकून घ्या. हे ते सहजच बोलले. मी घरी आलो आणि माळ्याला शिडी लावली.

आई खालून म्हणाली, “कशाला काढतोस ते? अर्धं आहे ते.”

अर्धं तर अर्धं. मला एक ‘आई’ मिळाली तरी पुरे.

१४ नोव्हेंबर

वीजपुरवठ्याच्या डब्यातले फुगलेले कपॅसिटर बदलले. आत पालीची अंडी होती, वाळलेली. आत्ताच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे आणि घरी येऊन पालीची अंडी काढायची. नशीब आपलं.

सोल्डरिंगचा डाग देताना राळेचा धूर नाकात गेला की मला तोंडात खडीसाखरेची चव येते. नेहमीच. माझा मित्र भूषण हसतो. पण कारण मला माहीत आहे. अक्षरं भरणं चालू असायचं तेव्हा अप्पांच्या टेबलावर डाग द्यायची सळई तापत पडलेली आणि बाजूला वाटीत खडीसाखर. घसा मोकळा राहावा म्हणून. अक्कासाठी. मलाही एखादा खडा मिळत असणार.

ते मला लख्ख आठवतं. पंखा बंद. आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला गादी उभी केलेली. घामाच्या धारा. अप्पांचा हात वर जायचा, हात खाली आला की बोलायचं. मी दारात उभा राहून बघायचो.

१६ नोव्हेंबर, रविवार

फिरली!

भूषण सकाळीच हुबळीच्या केशवापूरहून आला. बुद्धभूषण म्हणजे माझ्याच जातीचा वेडा. बँकेत नोकरी, आणि घरात बायकोची कुरबुर सोसून सांभाळलेली सात जुनी मशिनं. डिस्क उन्हात कोमट केली. मग त्यानं ती दोन्ही हातांत धरून, बरणीचं झाकण सैल करावं तशी एक हिसका देऊन आडवी फिरवली आणि म्हणाला, “लाव.” लावली. आधी कुरकुर, मग शिट्टी, मग सरळ घरघर.

“काही उघडून बघायचं नाही,” भूषण म्हणाला. “आधी कॉपी.” हा आमचा एकच नियम. मूळ माल जसा आहे तसा आधी उतरवून घ्यायचा, मग जो काय शहाणपणा करायचा तो कॉपीवर. वायर जोडून दुपारभर उतरवत बसलो. कासवाची चाल. संध्याकाळी कॉपी पूर्ण झाली आणि दहा मिनिटांत डिस्क पुन्हा ‘टक्’ करून थांबली. आता ती फिरेल असं वाटत नाही. तिनं आपलं काम केलं.

बाराखडी आहे. ‘अ’पासून ‘ळ’पर्यंत, एकही अक्षर गळलेलं नाही. आई अर्धं का म्हणाली कोण जाणे. तिला काय कळतंय त्यातलं.

फायलींवर तारीख मात्र सगळीकडे एकच, १ जानेवारी १९८०. या मशिनांत घड्याळ नसतं, चालू करताना ते तारीख विचारतं. अप्पा नुसतं एंटर दाबायचे. “तारखेचं काय करायचंय त्याला,” म्हणायचे.

१७ नोव्हेंबर

जेवताना आईनं विचारलं, “लागलं का ते?” म्हटलं, हो. तिनं मला पुन्हा भात वाढला. मी नको म्हणत होतो तरी वाढला.

१९ नोव्हेंबर

आज बोललं.

आवाज काढण्यासाठी अप्पांनी, प्रिंटरची वायर जिथं लागते त्या तोंडाला लावायची एक खुंटी स्वतः बनवली होती. तिच्यातले दोन गंजलेले तुकडे बदलले, बाकी सगळं अप्पांच्या हातचं. भूषणनं कॉपी केलेली दुसरी डिस्क मशीनला जोडली. हिरवा पडदा, चौकोनी कर्सर. टाइप केलं, ‘आई’.

आ. ई.

सुटं सुटं. खरखरीत. मध्ये एवढीशी शांतता. पण ती अक्काच. तिच्या ‘ई’ला शेवटी जरा उचल असायची, हाक मारताना मान वर करायची म्हणून. हे मी पार विसरलो होतो. ऐकलं आणि तिची हनुवटीच दिसली.

बटण बंद केलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं. आई बाहेर पेपर वाचत होती, तिला काही ऐकू गेलं नाही. आमच्या घरात हाक आली आणि जिला मारली तिला कळलंच नाही. मला भयंकर वाटलं ते.

२० नोव्हेंबर

ऑफिसला हुबळीला जाताना चिगरी या जलद बसमध्ये उभा होतो. रायापूरचा स्टॉप आला, वरच्या भोंग्यातली बाई नेहमीसारखी कन्नडात बोलली. रोज ऐकतो. आज मनात आलं, ही बाई आहे कुठं? आहे ना? की नुसता आवाजच फिरतोय केव्हाचा, दाराशी उभं राहा, दाराशी उभं राहा करत?

उतरायचा स्टॉप चुकला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईला ऐकवलं.

तिला धुतलेली साडी नेसायची होती. मी म्हटलं, “अगं, देवळात जायचंय का?” ती साडी नेसून खुर्चीत येऊन बसली. कानातलं यंत्र मोठं केलं. मी स्पीकर तिच्या डाव्या बाजूला ठेवला आणि बाराखडी सुरू केली.

क, का, कि, की. आईचे ओठ बरोबर हलत होते. ‘ग’ला हसली. म्हणाली, “बघ, ‘ग’ला घसा खाकरलाय. हे रागावले होते तेव्हा.” च, छ, ज. ट, ठ. त, थ, द, ध. न, ना, नि, नी. ‘नौ’ झालं आणि तिनं यंत्र कानातून काढलं.

“साकु रे. बस झालं.”

“अगं अजून आहे पुढं. प, फ…”

“नको म्हटलं ना.”

यंत्र पदराला पुसत उठली. दमली असेल. इतक्या वर्षांनी एकदम ऐकणं सोपं नाही. संध्याकाळी फिरायला केलगेरीच्या तळ्यापर्यंत मी एकटाच गेलो, ती आली नाही.

२५ नोव्हेंबर

वेड लागायची पाळी आहे. ऑफिसातून आलो की चहाचा कप घेऊन सरळ त्या खोलीत. काहीबाही टाइप करतो. ‘आत जा’. ‘नको’. ‘गणित काढ’. ती म्हणते. जे टाइप करीन ते म्हणते. मेलेल्या माणसानं आपण सांगू ते बोलावं हे बरं नव्हे. मला कळतंय, तरी मी टाइप करतो.

आज तिची मला मारायची हाक टाइप केली. मला बाबू फक्त तीच म्हणायची. ‘बाबू इकडे ये’.

‘इकडे’ अगदी अक्का. पण ‘बाबू’ आणि ‘ये’ला आवाज बारीक झाला. लांबून, घरातल्या दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखा. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. खोलीत मी एकटाच आहे ना, हे मागं वळून बघितलं, खोटं कशाला लिहू.

मग नीट एकेक करून ऐकलं. ‘न’पर्यंत आवाज एक, ‘प’पासून पुढं बारीक, थोडा घाईचा. भूत नव्हे, बिघाड. आईला तिथंच खटकलं असणार! म्हणून यंत्र काढलं. बिचारीला वाटलं असेल, पोरीचा आवाज नासला.

३० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा प्रयत्न केला. आई पुन्हा ‘नौ’ला उठली. या वेळी यंत्र घट्ट मुठीत धरून.

भूषण होता. तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्याला सांगितलं: अप्पांनी भरताना मधे आवाज भरायचं नवं कार्ड बसवलं असणार, दुसऱ्या टप्प्यात भरायचा वेग चुकला. कमी वेगानं भरलेलं जास्त वेगानं वाजलं की आवाज बारीक आणि घाईचा होतो. शंभर वेळा बघितलंय असलं. वेग उतरवला की झालं.

भूषण डोकं खाजवत म्हणाला, “बरोबर ‘प’पासूनच कसा चुकला रे वेग? मधला एखादा दिवस बिघडला असता तर समजलो असतो.”

“मग तुझं काय म्हणणं?”

“काही नाही. मूळ कॉपीला हात लावू नको एवढंच.”

मला राग आला. हा मला शिकवतोय! माझ्या बहिणीचा आवाज मला कळत नाही काय?

३ डिसेंबर

जमलं. ‘प’पासून ‘ळ’पर्यंत एकेका फायलीचा वेग उतरवला. ‘न’शेजारी ‘म’ ठेवून ऐकत, कानानं जुळवत. जुळले. आता सगळी बाराखडी एका गळ्यातली वाटते. ‘बाबू इकडे ये’ सलग येतं. जसं ती अंगणातून म्हणायची तसं. खुर्चीत बसून रडलो, मोठ्यानं. आईच्या कानाचा एवढा तरी फायदा.

एक चमत्कारिक गोष्ट. टेबल पूर्वी होतं तिथंच मांडलंय, सहज म्हणून दारात जाऊन उभा राहिलो. इथून अप्पांची पाठ दिसली असती आणि पाठीआड टेबल. मग तो खाली येणारा हात मी कुठून बघितला?

असो. लहानपणचं काय खरं असतं. रविवारी आईला अख्खं वाक्य ऐकवणार. ‘न’ला थांबायचा प्रश्नच ठेवत नाही.

७ डिसेंबर, रविवार

वाक्य लावलं. बाबू इकडे ये.

आईनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “हा कुणाचा आवाज केलास?”

“अक्काचा. वेग चुकला होता, सरळ केला.”

“अक्का ‘न’पर्यंतच बोलली, हर्षा. ‘प’च्या दिवशी तिला ताप भरला.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “ते अर्धं यांना बघवेना. तेरावं झालं आणि यांनी तुला बसवलं त्या खुर्चीत. तू खडीसाखर खात खात म्हणालास सगळं. मी स्वयंपाकघरात कानात बोळे घालून बसायची. पूर्ण झालं, यांनी एकदा ऐकलं आणि बटण बंद केलं ते कायमचं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुला आठवतंय.”

मूळ कॉपी लावली. आईनं यंत्र कानात ठेवलं, शेवटपर्यंत काढलं नाही.

‘बाबू’ मी म्हणतो. ‘इकडे’ अक्का म्हणते. ‘ये’ पुन्हा मी.