रंगाखालची पुट्टी

प्रिय ब्लास,

तू फोन उचलत नाहीस. सामुद्रधुनीच्या पलीकडे, पुंता आरेनासमध्ये, फोन व्यवस्थित चालतात हे मला माहीत आहे, तेव्हा ते कारण सांगू नकोस. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून हे फेरीबोटीवरच्या खलाशाच्या हाती देते आहे. उभ्याने वाचू नकोस. बस, आणि शेवटपर्यंत वाच.

इकडे पोर्वेनीरमध्ये कोंबड्या बऱ्या आहेत. वाऱ्याने मागचं कुंपण पुन्हा वाकवलं. म्हातारा एलेउतेरिओ दवाखान्यातून घरी आला. खांद्याचं हाड जुळतंय, पण हात वर जात नाही, त्यामुळे खेकडे विकायला सध्या त्याची सून बसते. मी सूप घेऊन गेले तेव्हा म्हणतो कसा, "सेन्योरा मिर्याना, तो थांबा आम्हाला वाऱ्यापासून वाचवायला बांधला होता ना? मग वारा राहिला बाहेर आणि थांबाच माझ्या अंगावर कसा आला?" खोलीतले सगळे हसले. मी चमचा शोधायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

तू लोखंड जोडून बांधलेल्या चार थांब्यांपैकी शाळेजवळचा तो बसथांबा पडला तेव्हा तू इथेच होतास. दुसऱ्या दिवशी काम मिळालं म्हणून फेरीबोटीने गेलास. त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. लोकांना लगेच नोल्बेर्तो आठवला. शाळेची बस चालवणारा, वाइनवर प्रेम करणारा, औषधाच्या दुकानाच्या खांबावर मागल्या हिवाळ्यात बस घालणारा नोल्बेर्तो. आणि सगळ्यात आधी तो मलाच आठवला. मी रस्त्यावर उभी राहून त्याला म्हटलं, "माझ्या मुलाने लोखंड जोडलंय, चीज नव्हे. कुणी धडक दिल्याशिवाय ते पडत नाही." त्याने टोपी काढली. म्हणाला, "सेन्योरा, माझ्या बसवर एक ओरखडा तरी दाखवा." मी म्हटलं, "पिणाऱ्यांची बसही पिणाऱ्यांसारखीच असते, पडते आणि खरचटत नाही." लोक पोट धरून हसले. ते वाक्य मला इतकं आवडलं की बेकरीत मी ते पुन्हा सांगितलं. वस्ती समितीने नोल्बेर्तोला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं.

मग ओरिएता आली. घाबरू नकोस, तुझ्यासाठी नाही, तिच्या आईला भेटायला. थांब्याचे तुकडे अजून शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेत, तिथे ती बराच वेळ उकिडवी बसलेली मी खिडकीतून पाहिली. नंतर दारात येऊन म्हणाली, "सासूबाई, नातं सुटलं, पण कपभर माते-चहा मिळेल का?" मी म्हटलं, "पाणी उकळतंय. तुझं वेल्डिंग टिकलं आणि लग्न नाही, याचं कधीतरी उत्तर दे." ती म्हणाली, "वेल्डिंग करताना समोरचं लोखंड हलत नाही." मला ही मुलगी नेहमीच आवडत होती. तुझ्यासमोर कधी बोलले नाही एवढंच.

माते संपल्यावर तिने विचारलं, "ब्लासने वेल्डिंगची तार कोणती वापरली होती?" मला ते माहीत होतं, याचा मला त्या क्षणी अभिमानही वाटला. तूच नाही का जेवताना शिकवलंस? नेहमीच्या तारेला बाटलीतला गॅस लागतो आणि आपल्या वाऱ्यात तो गॅस जोडाला शिवायच्या आधीच उडून जातो. म्हणून उघड्यावर पोकळ तार घ्यायची, जिच्या पोटात भुकटी असते. भुकटी जळते, तिचाच धूर होतो, तोच वितळलेल्या लोखंडावर पांघरूण घालतो, आणि वर जी खपली जमते ती नंतर हातोडीने झाडायची. पोकळ तारेतही एक जात गॅस मागतेच, ती दुकानदाराने गळ्यात मारली तर परत करायची. समुद्राच्या दमट हवेत तार गंजते म्हणून तू तिचं रीळ माझ्या पावाच्या डब्यात, चुलीशेजारी ठेवत होतास, आणि पाव टेबलावर वाळत होता. हे सगळं मी ओरिएताला सांगितलं. ती म्हणाली, "तार बरोबर निवडली. इथे हीच हवी. मग जोड असा का तुटला?"

ती भावाचा ग्राइंडर घेऊन आली आणि आम्ही धक्क्यावरच्या थांब्याकडे गेलो, जो अजून उभा आहे आणि ज्याच्याखाली लोक रोज फेरीची वाट बघतात. कोपऱ्यातल्या एका जोडावर तिने ग्राइंडर धरला. आधी तुझा हिरवा रंग निघाला. रंगाखालून पांढरी पूड उडाली. मला वाटलं हाच तो जळलेल्या भुकटीचा अंश असेल. ओरिएताने बोटाने ती चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुट्टी आहे." पुट्टीखाली लोखंड नव्हतं म्हणायला हरकत नाही. समुद्रातून काढलेल्या स्पंजसारखी भोकंच भोकं होती.

नंतर तिने मला तुझ्या शेडमध्ये नेलं आणि वेल्डिंग मशीनचं झाकण उघडलं. आत दोन केबल. गॅसची तार असेल तर वेल्डिंगच्या टॉर्चची केबल प्लसवर, ही बिनगॅसची तार लावली की ती मायनसवर घ्यायची. तुझी प्लसवरच होती. गेल्या हिवाळ्यात शेडमध्ये गॅस लावून फाटकं केलीस, मग रीळ बदललंस आणि केबल तशाच राहिल्या. ठिणग्या नुसत्या उडत राहिल्या असणार, आणि जोड आतून पोकळ. ओरिएता म्हणाली, "सासूबाई, हे माझंही झालंय. शिपयार्डात पहिल्याच आठवड्यात. फोरमनने सगळ्यांसमोर विचारलं, पोरी, लोखंड जोडते आहेस की मक्याच्या लाह्या फोडते आहेस?" मी विचारलं, "मग तू काय केलंस?" ती म्हणाली, "कापून काढलं आणि पुन्हा केलं. दुसरं काय करतात?"

तेव्हा मला तुझी लाज वाटली, ब्लास. केबल विसरलास याची नाही. ती भोकं तू पाहिलीस, प्रत्येक जोडावर पाहिलीस, आणि एकेकात पुट्टी भरून ती बोटाने गुळगुळीत केलीस याची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पेर्पेतुआ आमचं भरतकाम हातात आलं की आधी उलटं करायच्या आणि मागची बाजू बघायच्या. सुलट बाजू फादरांसाठी, म्हणायच्या. मी तुला वाढवताना सुलट बाजूच फार बघितली की काय, हे मी आता रोज स्वतःला विचारते.

ओरिएता म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही, मुलगा तुमचा आहे. पण उरलेले तिन्ही थांबे खाली उतरवा. लोखंड गंजलं म्हणा, काहीही म्हणा." म्हणता आलं असतं. समितीचा अध्यक्ष उबाल्दो माझ्यासमोर शाळकरी पोरासारखा उभा राहतो. मी गंज म्हटलं असतं तर त्याने गंज लिहिलं असतं, आणि नोल्बेर्तोने धडक दिली हे तसंच राहिलं असतं. नोल्बेर्तो हल्ली पोटासाठी लोकांची लाकडं फोडून देतो. रविवारी त्याची बायको चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसली. शांतीचं चिन्ह म्हणून मी हात पुढे केला, तेव्हा तिने तो धरला, आणि मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

म्हणून काल समितीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि तुझं नाव घेतलं. पुट्टी हा शब्दही उच्चारला. उबाल्दो म्हणाला, "सेन्योरा, बसा, तुम्हाला बरं वाटत नाहीये." मी म्हटलं, "बरं तर मला नाहीच वाटत, पण मी ऐकवूनच बसणार." मग सगळ्यांसमोर नोल्बेर्तोची माफी मागितली. तो हातातली टोपी फिरवत राहिला. त्याचं काम परत मिळेल. हे तुला धक्क्यावरच्या कुणाकडून कळू नये, तुझ्या आईकडून कळावं, म्हणून हे पत्र. सोमवारी ओरिएता तिन्ही थांब्यांचे जोड नव्याने करायला घेते आहे, पण जुनी पुट्टी ती काढणार नाही, आणि मी दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. ती त्याआधी तू येऊन काढायचीस. लोक बघायला येतील, आपलं गाव तुला माहीत आहे. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, सगळ्यांना दिसेल अशी, आणि कुणीही काहीही म्हटलं तरी तोंड उघडणार नाही.

तुझीच,
आई