चिकटवहीतलं पितळी बटण

चि. लाडोबास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तूही असशील असं आई धरून चालते, कारण काही बिनसलं असतं तर कळवलं असतंस, असं तिचं म्हणणं. तिचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमीच. तुझे दाजी (पोटासह) उत्तम. तीन वर्षांत इकडे फिरकला नाहीस म्हणून टोमणा मारायला लिहिते आहे असं समजू नकोस. (टोमणा तर आहेच.) तसं पत्राला कारण काही नाही, सहज बसले.

तर आईच्या पंचाहत्तरीसाठी मी चिकटवही करायला घेतली. गुपचूप करणार होते, पण या घरात गुपित ठेवायला जागा एकच, माझं शिलाईचं टेबल, आणि आई दिवसभर त्याच्याच समोर काजं करत बसते. पहिल्याच पानावर उत्साहाच्या भरात बाबांचा सायकलवरचा फोटो डिंकाने फटकन चिकटवला आणि मग दिसलं की तो तिरका बसलाय. सपाट रस्त्याने चाललेले बाबा आता कायमचे चढाला लागले आहेत. (हयातीत चढ आला की ते उतरून सायकल हातात धरायचे.) तेव्हा मात्र मी शहाणी झाले. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघितल्याशिवाय मी कधी पक्की शिलाई मारत नाही, मग वहीतच कसली घाई? कटिंगच्या जुन्या कागदाचे फोटोच्या मापाचे तुकडे कापले, उरलेल्या लेसी, रिबिनी, टाचण्या काढल्या. आधी पान नुसतं मांडायचं, दोन दिवस नांदू द्यायचं, पटलं तर फोटो चिकटवायचे आणि बाकी सगळं उचलून परत बिस्किटांच्या डब्यात, पुढच्या पानासाठी. एकच निळी लेस आतापर्यंत तुझ्या पहिल्या वाढदिवसाला, माझ्या लग्नाला आणि दाजींच्या अपेंडिक्सला हजेरी लावून आली आहे.

शेवटच्या पानावर आपल्या सगळ्यांचा एकत्र फोटो हवा. तसा तो अजून निघालेलाच नाही, म्हणून कोणी कुठे उभं राहायचं ते मी बटणांनी मांडलं. दाजींना ओव्हरकोटाचं चार भोकांचं (घेर बघून), मला विजारीचं काळं, आईला शर्टाचं पांढरं. तुझं बटण मात्र आईने स्वतः निवडलं, डब्यातलं एकुलतं एक पितळी, चकचकीत. (पक्षपात करावा, पण इतका उघड?) मी तुला उंचीप्रमाणे कडेला ठेवलं होतं. चहा टाकून येते तर तू आईच्या शेजारी! मी हलवायचं, तिने परत आणायचं.

अशात परवा बँडमास्तर धावत आले. संध्याकाळी बागेत वादन आणि कोटाचं तिसरं बटण गायब. कोट माझ्या हातात देऊन नुसत्या बनियनवर उभे. पितळी बटण आणायचं कुठून? हात आपोआप पानाकडे गेला. धंद्याची सवय, दुसरं काय! ते गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर तू बँडात वाजवायला गेला होतास. आई झोपून उठली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. दाजी समजूत घालायला गेले, "आई, बटणच आहे ते." त्यावर ती म्हणाली, "मला काय वेड लागलंय? कळतंय मला बटण आहे ते. पण त्याला तिथून काढलंत कशाला?" दाजी चपला शोधायला लागले.

मग आम्ही तिघं बागेत. आई पहिल्या रांगेत बसून सगळा वेळ बँडमास्तरांच्या छातीकडे टक लावून. बिचारे इतके अवघडले की दोनदा ठेका चुकले. शेवटी ती पुढे गेली आणि म्हणाली, "माझा मुलगा तुमच्या कोटावर आहे." माणूस भला, लगेच छाती पुढे करून उभा राहिला. मी तिथेच टाके उसवले. आणि त्या जागी लावायला आईने पर्समधून काय काढावं? माझं काळं बटण! घरून बरोबर घेऊनच निघाली होती. थोडक्यात, तू घरी आलास आणि मी बँडात भरती झाले. घरी येईपर्यंत तिने मूठ उघडली नाही. मला हसू येत होतं आणि रडूही.

बाकी विशेष काही नाही. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
ताई

ता. क. : शेवटचं पान अजून टाचण्यांवरच आहे. डिंकाची बाटली आईने लपवली आहे. तुझा फोटो पाठवू नकोस, मला कापून जोडलेलं लगेच ओळखू येतं, आणि आईलाही.

आणखी एक : "इतक्या दिवसांनी आता कोणत्या तोंडाने जाऊ," असं तू दाजींना फोनवर म्हणालास म्हणे. आहे तेच तोंड घेऊन ये. फोटोत तेच हवं आहे.

आणि हे शेवटचं : आई शेजारी बसून सगळं वाचते आहे. ती म्हणते, एकट्या माणसाच्या कोटाचं एखादं बटण तुटलेलं असतंच, तर कोट घालून ये, इथे एक ठेवलं आहे. मी लावून देईन, पक्क्या दोऱ्याने. पानावर मग त्याचं काम उरणार नाही.