पार्टिशनच्या आतल्या बाजूचा रंग

मी, यशोधरा रामजी गमरे, वय सत्तावीस, राहणार परळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असं लिहायची रीत आहे. एका खोलीत चौघं राहताना ते वाक्य जड जातं. हे लिहायला मला कोणी सांगितलं नाही, एवढं खरं.

१. माझे कपडे आईने हवे त्यांना द्यावेत. रंगाचे ब्रशही. त्यातला एक तिने घावनाच्या तव्याला तेल लावायला नेलाच आहे, तो तिचाच.

२. माझी पदवी बाबांकडे राहावी. आमच्या घरातली ती पहिली.

३. मी कॉलेजात गेले तेव्हा पोरीला अभ्यासाला जागा हवी म्हणून बाबांनी खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घातलं. त्याच्या बाहेरच्या बाजूला घरचे फोटो, कॅलेंडर आणि माझी पदवी. आतल्या बाजूवर मी इतकी वर्षं एकच चित्र रंगवते आहे. त्यात माणूस नाही, झाड नाही. राखाडी, विटकरी, एक मळका पिवळा. बाहेर फोटोसाठी खिळा ठोकला की त्याचं टोक माझ्या बाजूला निघतं. मी एकही टोक वाकवलं नाही, रंग त्याच्या कडेकडेने नेला. पदवीचा खिळा सगळ्यांत लांब निघाला. मी कोण, हे मला बोलून कधी सांगता आलं नाही. इथे थोडं आलं.

शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या, “यशू, ओल आलीय गं!” फोर्टातल्या एका गॅलरीच्या बाईंनी फोटो पाहून आधी आडनाव विचारलं. मग म्हणाल्या, “तुमची वस्ती दिसत नाही यात. थोडा निळा घाला ना.” निळा मला प्रिय आहे. सांगण्यावरून घालणार नाही.

पुढच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ सम्यक याचं लग्न आहे. पार्टिशनमागची जागा नव्या जोडप्याची, हे चाळीत कोणाला सांगावं लागत नाही. मी बाहेर, कॅलेंडरखाली. आई म्हणाली, “सून बघून घाबरेल. पांढरा मारून टाकू.” मी नाही म्हटलं. सम्यक म्हणाला, “ताई, प्लाय बाबांचं आहे.” परवा आई त्यांना सांगत होती, “ती दवाखान्यात असतानाच उरकून घेऊ. समोर बघवणार नाही तिला.” यात माया आहे, म्हणून भांडताही येत नाही.

सम्यकचं बरोबर आहे. मृत्युपत्रात फक्त आपलंच देता येतं. माझा आहे तो वरचा रंग. तो मी होणारी भावजय, प्रिती, हिला देते. तिने तो ठेवावा, खरवडावा, नाहीतर पांढरा मारावा. अट एकच: आधी दिवा लावून एकटीने बघावं, आणि ब्रश तिच्याच हातात असावा.

माझी मैत्रीण सुचित्रा वकिली करते. मसुदा वाचून म्हणाली, “बाई, हे तू मेलीस तरच लागू होतं. जगून घरी आलीस तर कोणालाही बंधन नाही.”

म्हणजे मी वाचले, तर रंग जाईल.

म्हणून आई, हा कागद माझ्या मरणाची वाट न बघता आज वाच. लेक म्हणून विनवते: मी परत येईपर्यंत पांढऱ्या रंगाचा डबा उघडू नका.

वाचून, समजून, खाली नाव घालते.

यशोधरा रामजी गमरे

आमच्यासमोर सही केली:
सुचित्रा केणी, गिरगाव
कमलाबाई मोहिते, परळ

परळ, मुंबई
९ नोव्हेंबर २०२५